चाल लावणाऱ्याचे नाव

गिरगाव-दादरकडे नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला की निवेदक नाटककाराचे नाव घेतो, बालगंधर्वांचे स्मरण करतो आणि गाणाऱ्याकडे वळतो. ज्याने त्या शब्दांना स्वर दिले, तो बहुधा अनुल्लेखानेच मारला जातो. हा निव्वळ विसराळूपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. चाल लावणे हे दुय्यम प्रतीचे काम होय, ही आमच्या रसिकतेतील जुनी खोड त्याच्या मुळाशी आहे.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचेच उदाहरण घ्यावे. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली मुंबईत रंगभूमीवर आले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी आपल्या पदांच्या चाली आपणच योजिल्या होत्या. खाडिलकरांनी ते काम टेंब्यांवर सोपविले. पुढे ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. त्या रात्रीची कथा मुंबईकर अद्याप रंगवून सांगतात. परंतु ज्याने या नाटकाचे गाणे बांधले, त्याचे नाव त्या कथेत कितीदा येते?

यावर आक्षेप असा की, त्या चाली पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांवरून घेतलेल्या. मग त्यांत टेंब्यांचे ते काय? आक्षेपक एक गोष्ट विसरतात. ठुमरी दोन ओळींवर घटकाभर खेळू शकते. नाटकातील पदाला शब्दाचा अर्थ शेवटच्या रांगेपर्यंत पोचवून प्रसंग पुढे न्यावा लागतो. मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ सांभाळून धैर्यधराचा स्वाभिमान आणि भामिनीचा श्रीमंती ताठा स्वरांनीच वेगळा दाखविणे, ही नक्कल नव्हे. ती निर्मिती होय. साकी-दिंडीचे प्रचलित साचे वापरले म्हणून किर्लोस्करांस कोणी उसनवार करणारा म्हणत नाही. मग टेंब्यांसच हा न्याय का?

ऑस्ट्रियात नेमके उलट घडले. १८२७ साली शूबर्टने म्युलर नामक कवीच्या २४ कवितांना चाली दिल्या, आणि आज जग म्युलरला ओळखते ते मुख्यतः शूबर्टमुळे. तेथे कवी झाकोळला, येथे संगीतकार. आम्हांस दोन्ही अन्याय नकोत.

टेंब्यांविषयी साधने नाहीत, ही सबबही चालणार नाही. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीत त्यांचेच, त्यातील हरिश्चंद्रही तेच. ‘माझा संगीत व्यासंग’ हा ग्रंथही त्यांनी लिहून ठेविला आहे. आमची मागणी अगदी अल्प आहे. कार्यक्रमपत्रिकेत पदकर्त्याच्या शेजारी स्वरकर्त्याचेही नाव छापावे, आणि गाण्यापूर्वी ते मोठ्याने उच्चारावे. जे ऋण फेडता येत नाही, ते निदान मान्य तरी करावे.