तरुणांच्या हाती कारभार द्या

तरुण पिढी बेजबाबदार झाली, अशी तक्रार जो तो करतो. परंतु जबाबदारी उपदेशाने अंगी बाणत नसून ती प्रत्यक्ष खांद्यावर पडली म्हणजेच पेलता येते, याचे विस्मरण आपणा वडीलधाऱ्यांनाच झाले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे मर्म जाणले होते. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह उभारले, तेथे नाना जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवीत, स्वयंपाकास हातभार लावीत आणि स्वतःच्या श्रमाने शिक्षणाचा भार उचलीत. त्या मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही वेचले.

आज तालुक्याच्या गावी स्पर्धापरीक्षेच्या आशेवर उमेदीची वर्षे घालविणाऱ्या तरुणाला वाढदिवसाच्या फलकावर छायाचित्र छापणारा पुढारी सहज भेटतो. हात धरून कारभार शिकविणारा मात्र भेटत नाही. म्हणून निवृत्त शिक्षकांनी, सहकारी संस्थांच्या अनुभवी चिटणीसांनी दोन-चार तरुण जवळ करावेत. त्यांना वाचनालयाची रोजकीर्द लिहावयास, उत्सवाच्या वर्गणीचा जमाखर्च पै-पैसह भरसभेत वाचून दाखवावयास, तंट्यातील उभय पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावयास लावावे. चुकल्यास कान धरावा, पण काम काढून घेऊ नये. विश्वास टाकल्यावाचून कर्तृत्व उमलत नाही, आणि तो प्रथम टाकण्याचे कर्तव्य वडीलधाऱ्यांचेच आहे.