परदेशची सून, सरकारी दाखला आणि आपण

लग्न ठरले की आपल्या वस्तीत आधी चर्चा होते ती मंडपाची, जेवणावळीची आणि कोणाला आहेर काय करायचा याची. लग्नाच्या सरकारी नोंदीचा विषय शेवटी निघतो, आणि पुष्कळ घरांत तो निघतच नाही. वधू-वर दोघेही इथलेच असले म्हणजे ही ढिलाई काही वर्षे खपून जाते. परंतु दोघांपैकी एक जण परदेशी असेल, तर त्या एका दाखल्यावाचून भरला संसार दोन देशांत वाटला जातो. हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे, म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहोत.

आमच्या नेसरी-गडहिंग्लज भागातली जुनी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. त्यांची नातवंडे शिकली. कोणी पुण्याला संगणकाच्या कामात आहे, कोणी आखातात, कोणी त्याही पलीकडे. बाहेर पडलेली मुले जग पाहतात, तिथे ओळखी होतात, मने जुळतात. मग एक दिवस घरी फोन येतो की मी अमुक देशाच्या मुलीशी लग्न करणार आहे. आई बिचारी सवयीने विचारते, “तिची जात काय?” बायांनो, ज्या देशात जातच नाही तिथल्या पोरीला जात विचारून काय करणार? विचारायचेच असेल तर एवढे विचारा, की ती आपल्या घरी कोणत्या व्हिसावर येणार आणि लग्नाची नोंद कुठे होणार.

हे असे का म्हणतो ते ऐका. आमच्या भागातल्या एका कुटुंबात असेच घडले. नाव-गाव सांगत नाही. मुलगा कंपनीत नोकरीला, मुलगी थायलंडची. घराणे बौद्ध, मुलगीही बौद्ध, म्हणून घरच्यांना आनंदच झाला. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्रिशरण-पंचशील घेऊन बौद्धाचार्यांच्या हस्ते मंगल परिणय थाटात झाला. सगळी भावकी जेवून गेली. मुलगी मात्र पर्यटक म्हणून आली होती, आणि व्हिसाची मुदत तोंडावर आलेली. धावपळ सुरू झाली तेव्हा कळले की विधी झाला, फोटो निघाले, पण सरकारदरबारी हे लग्न झालेलेच नाही. मुदत संपण्याआधी नव्या नवरीला परत जावे लागले. पुढे मुलाने बिनपगारी रजा काढली, आईने गळ्यातले गहाण ठेवले, आणि त्याने तिच्या देशात जाऊन तिथल्या दप्तरी लग्न नोंदवले. तो दाखला दाखवून तिला इकडे येण्याचा व्हिसा मिळाला. आज ती सासरी सुखाने नांदते. पण मधले कित्येक महिने त्या घराने जे सोसले ते टाळता आले असते.

कसे टाळता आले असते, ते नीट पाहू.

जोडीदार परदेशी असेल तेव्हा विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ मार्ग. हा कायदा जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. नवरा एकवीस वर्षांचा आणि नवरी अठरा वर्षांची पूर्ण असावी, दोघांचेही आधीचे लग्न कायम नसावे, या त्यातल्या मुख्य अटी. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नोटीस फलकावर लागते. ३० दिवसांत कायदेशीर हरकत टिकली नाही, तर तीन साक्षीदारांसमक्ष लग्न लागते आणि दाखला मिळतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे उरकावे लागते, नाहीतर नोटीस पुन्हा द्यावी लागते. परदेशी जोडीदाराकडे पासपोर्ट आणि चालू व्हिसा हवा. शिवाय तो अविवाहित असल्याचे त्याच्या देशाच्या वकिलातीचे पत्र सहसा मागतात.

आता यातली मेख पाहा. त्याच कायद्याच्या कलम १५ खाली, आधी विधीने झालेले लग्न नंतरही नोंदवता येते. पण तिथे दोघांनाही त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेले असावे लागते, आणि त्यानंतर हरकतीचे ३० दिवस वेगळे. म्हणजे साठ दिवस झाले. उलट मुलगा जिल्ह्यात राहतच असेल आणि नोटीस आधी दिली असेल, तर हिशेब तीस दिवसांत बसतो. म्हणून आधी नोटीस द्या, दाखल्याची तारीख पक्की करा, आणि त्याच दिवशी विहारात मंगल परिणय करा. व्हिसाचे दिवस मोजूनच मंडपाची तारीख धरा.

काही जण म्हणतील, बौद्ध पद्धतीने लग्न झाले आणि संस्थेचा दाखलाही आहे, मग आणखी काय पाहिजे? संस्थेचा दाखला हा विधी झाल्याचा पुरावा आहे. सरकारी नोंद ती वेगळी. नोंदणी म्हणजे धम्मविधीवर अविश्वास नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर, म्हणजेच आपल्या माईसाहेब, यांच्याशी विवाह केला तो नोंदणी पद्धतीनेच. कायद्याचा एवढा मोठा पंडित स्वतःच्या लग्नाला सरकारी नोंद करून घेतो, तर आपण कोण मोठे लागून गेलो?

दाखला हातात आला की पुढची पायरी. भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीला किंवा पतीला त्या नात्यावर एंट्री व्हिसा मिळतो. त्याची नोंदणी आणि मुदतवाढ परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे होते. हे अर्ज २०१८ पासून संगणकावरून करता येतात. लग्न नोंदलेले असून ते सलग दोन वर्षे टिकले, की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ही सोय जोडीदारांसाठी कायद्यात २०१५ साली स्पष्टपणे आली. लक्षात घ्या, दोन वर्षे नोंदलेल्या लग्नाची धरतात. नोंद उशिरा केली तर आपलेच दिवस वाया जातात. पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक असलेल्या, अथवा ज्याचे आईबाप किंवा आजी-आजोबा तिथले नागरिक होते अशा व्यक्तीला मात्र हे कार्ड मिळत नाही.

ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्याने इथे कायम राहता येते, वारंवार व्हिसा काढावा लागत नाही. पण मत देता येत नाही, निवडणुकीला उभे राहता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून सुनेच्या नावावर रान घ्यायचा बेत करू नका. आणि न्यायालयाने लग्न मोडले, तर जोडीदार म्हणून मिळालेले हे कार्ड रद्द होऊ शकते.

पूर्ण नागरिकत्व हवे असेल तर नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत अर्ज करावा लागतो. त्यासाठी सात वर्षांचा रहिवास लागतो. अर्जाच्या लगत आधीचे पूर्ण एक वर्ष, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे, असा तो मोजतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून पहिल्या देशाचा पासपोर्ट सोडावा लागतो. हा निर्णय सुनेने स्वतः करायचा आहे. सासरच्यांनी घाई करू नये.

या कायद्याचा इतिहास आपल्या भगिनींनी जरूर जाणून घ्यावा. मूळ कायद्यात नागरिकत्वाची ही वाट भारतीय पुरुषाच्या परदेशी बायकोलाच होती. भारतीय स्त्रीने परदेशी नवरा केला, तर त्याला ती नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीत ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला आणि लेकीलाही मुलाइतका हक्क मिळाला. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळू लागले ते तर १९९२ च्या दुरुस्तीनंतर. तोवर फक्त बापाचे नाते धरत. संविधानाने समता १९५० सालीच दिली होती. ती या एका कायद्यात उतरायला इतकी वर्षे गेली.

आणि त्याही आधीचा काळ पाहा. १९२८ साली इंदूरच्या होळकर महाराजांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला, तेव्हा तिला आधी शुद्धी करून हिंदू व्हावे लागले, शर्मिष्ठा हे नाव घ्यावे लागले आणि धनगर समाजात दत्तक जावे लागले. समुद्रापलीकडून आलेल्या बाईलासुद्धा जात चिकटवल्याशिवाय या समाजाला चैन पडेना! याच्या आधी, १९१९ साली, आमच्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला होता, हे आम्ही कोल्हापूरकर अभिमानाने सांगतो. आज सरकार फक्त दाखला मागते. जात मागत नाही. ही सवलत लहान समजू नका.

परदेशची सून आपल्या मातीत कशी रुजते, याचे थोर उदाहरण आपल्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यात आहे. कोल्हापूरहून कराडकडे जाताना महामार्गावर कासेगाव लागते. अमेरिकेत १९४१ साली जन्मलेल्या डॉ. गेल ऑम्वेट महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला महाराष्ट्रात आल्या, त्यावर त्यांनी १९७३ साली बर्कलेच्या विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, १९७६ साली डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला आणि १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले. बाबासाहेबांवर, बौद्ध धम्मावर, दलित चळवळीवर त्यांनी जे लिहिले ते जगभर वाचले जाते. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यसैनिक. सासू-सून दोघींनी मिळून नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांच्या हक्कांसाठी काम केले. सुनेला पाहुणी न मानता चळवळीत सोबतीण मानणारे असे सासर मिळाले, तर ती मागे वळून कशाला पाहील?

टाकलेल्या स्त्रियांचा विषय निघाला म्हणून नाण्याची दुसरी बाजू सांगतो. जशी परदेशची सून इथे येते, तशी आपली लेक परदेशी जाते. तिथे नवरा तिचा अर्ज भरतो, आणि तिचे तिथले राहणे पुष्कळदा त्याच्या सहीवर अवलंबून असते. अमेरिकेचा नागरिक असलेल्या नवऱ्याच्या बायकोसाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नुसते ग्रीन कार्ड असलेल्याच्या बायकोसाठी ती आहे, त्यामुळे थांबावे लागू शकते. नवऱ्याला तिच्या पोटापाण्याची लेखी हमी द्यावी लागते, आणि ती हमी केवळ घटस्फोट झाल्याने सुटत नाही. लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर मिळणारे कार्ड सशर्त, दोन वर्षांचे असते. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. पण घटस्फोट झाला किंवा नवऱ्याने छळ केला, तर बाईला एकटीलाही अर्ज करता येतो. हे आपल्या लेकींना कोणी सांगत नाही, आणि नवरा मुद्दाम दडवतो. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी लागणारी वार्षिक कमाईची अट २०२४ साली १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. म्हणून “जावई लंडनला आहे” एवढ्यावर भुलू नका. त्याची कमाई, त्याच्या तिथल्या राहण्याचा प्रकार आणि त्याचे आधीचे लग्न, तिन्हींचे कागद मागा. खरा माणूस रागावत नाही.

लेकीच्या लग्नाची नोंद लगेच करा. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत विवाहाचे ज्ञापन द्यायचे असते. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत होते. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला आहे. आपल्या घरांत आणखी एक अडचण नेहमी दिसते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे. जन्मतारीख मास्तरांनी घातलेली १ जून. धर्म एका कागदावर बौद्ध, दुसऱ्यावर हिंदू. वकिलातीतला अधिकारी आपला इतिहास जाणत नाही, त्याला फक्त फरक दिसतो. म्हणून लग्न ठरण्याची वाट न पाहता हे कागद आधीच जुळवून ठेवा.

आणि पासपोर्ट, लग्नाचा दाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रे लेकीच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या, प्रती माहेरी ठेवा. घात झालाच तर रडत बसू नका. राष्ट्रीय महिला आयोगात अशा परदेशस्थ विवाहांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे, तिथे अर्ज करा. हाच नियम परदेशातून आलेल्या सुनेलाही लावा. तिचा पासपोर्ट सासूच्या पेटीत कुलूपबंद करणे हे बौद्ध घराला शोभत नाही.

नागपूरला १९४२ साली महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की लग्न झालेल्या स्त्रीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, दासी होऊ नये. ज्या बाईचे राहणेच दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, तिला बरोबरीने उभे राहणे सोपे नाही. तिचा कागद तिच्या हाती देणे एवढे तर आपल्या हातात आहे. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी पत्रिका छापायला टाकण्याआधी नोंदणी कार्यालयाची पायरी चढावी, आणि मुलाबरोबर मुलीलाही सोबत न्यावे.

जयभीम!