शाळा उघडण्यापूर्वीं

मृगाचा पाऊस वेळेवर येवो अथवा न येवो, जूनच्या मध्यास शाळा मात्र उघडतेच. आमच्या अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी पावसाचा लहरीपणा बदललेला नाहीं. शाळेची घंटा तशी लहरी नसते. म्हणून पापड-कुरडया डब्यांत भरून झाल्या व लोणच्याच्या बरणीस दादरा बांधला, कीं चतुर गृहिणीनें दुसऱ्या बेगमीस लागावें. ही बेगमी मुलांच्या विद्याभ्यासाची.

ही तयारी म्हणजे बाजारहाट, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पहिलें काम बाजारांत नसून घरच्या कपाटांत असतें. गेल्या वर्षाच्या वह्यांतील कोरीं पानें काढून तीं दोऱ्यानें शिवावीं. कच्च्या गणितांस चार महिने पुरतील एवढी वही सहज होते. गणवेशाची दुमड उसवून तो यंदा अंगास येतो कीं काय, हें पाहावें. सरकारी व अनुदानित शाळांतून पहिली ते आठवीच्या मुलांस पाठ्यपुस्तकें विनामूल्य मिळतात. तेव्हां शाळेंत चौकशी केल्यावांचून पुस्तकांची खरेदी करूं नये. इतकें झाल्यावर मगच यादी करून कापडबाजाराकडे वळावें.

दप्तराचें वजनहि एकदां करून पाहावें. मुलाच्या वजनाच्या एकदशांशाहून तें अधिक असूं नये, असें राज्य शासनानें २०१५ सालींच सांगितलें आहे. पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर यामुळें अडीच किलोच भार शोभतो. आणि त्यांतील एक किलो तर लिटरभर पाण्याचाच होतो! शाळेंत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली असेल, तर लहान बाटली द्यावी, व वेळापत्रक पाहून दप्तर रोज रात्रीं मुलाकडूनच भरवून घ्यावें. अर्थात् स्थलकालाचा विचार हवाच. अकोल्याच्या डोंगराळ भागांतील मुलास रेनकोट व दप्तरास प्लास्टिकचें आवरण आधीं लागतें. कर्जत-जामखेडकडील मुलास पाण्याचीच बाटली आधीं आठवते.

सुटींत बिघडलेली झोप शाळेच्या पहिल्या सकाळीं एकाएकीं सुधारत नाहीं. निदान आठवडाभर आधीं रोज थोडें थोडें लवकर निजण्याची संवय लावावी. मुलांची झोप पुरी व्हावी, म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, असा आदेश शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें काढला. परंतु घरांत रात्रीं अकरापर्यंत दूरचित्रवाणी व मोबाइल चालू असतील, तर शासनानें दिलेली ती तासाभराची झोप आपणच हिरावून घेतों. आपल्या घरांतून सायंकाळीं दिवा लागल्यावर परवचा म्हणण्याचा प्रघात असे. ती वेळ पुन्हां अभ्यासास द्यावी, आणि त्या वेळीं वडील माणसांनींहि आपले मोबाइल बाजूस ठेवावेत.

येथवरची व्यवस्था सोपी आहे. अवघड आहे ती कामाची वाटणी, आणि ह्या लेखाचें खरें प्रयोजन तेंच आहे. पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि सकाळीं अर्धा तास व सायंकाळीं अर्धा तास बहीण ताटें-वाट्या आवरते, पाणी भरते, धाकट्याची वेणी-फणी, डबा पाहते. भाऊ मात्र "अभ्यास करतो आहे" म्हणून त्यास कोणी हांक मारीत नाहीं. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें वर्षास किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरविलें आहे. आतां हिशेब करावा. रोजचा एक तास, याप्रमाणें २२० दिवसांचे २२० तास झाले. शाळा वर्षभरांत जितका वेळ देते, त्याच्या पंचमांशाहून अधिक वेळ मुलीच्या पदरांतून असा गुपचूप निसटून जातो. मग तिचे गुण कमी पडले, तर "हिला गणित जमत नाहीं" असें आपण म्हणतों.

हें ह्या जिल्ह्यास तरी शोभणारें नाहीं. जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मस्थान. नगर येथील मिस फॅरर यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनीं शिक्षिकेचें शिक्षण नगरास त्याच फॅररबाईंपाशीं घेतलें. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं धावली, ती पुणें व नगर यांच्याच दरम्यान. आणि खेड्यांतून शाळेंत येणाऱ्या मुलींस एस्. टी. चा मोफत पास मिळतो, तोहि अहिल्याबाईंच्याच नांवानें चालणाऱ्या योजनेंतून. बाहेरच्या जगानें मुलीची वाट इतकी मोकळी केली असतां, ती घरच्या मोरीपाशीं अडावी काय?

मुलीनें काम करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं; मुलानेंहि करावें, एवढेंच आहे. शाळा उघडण्यापूर्वींच्या रविवारीं सर्वांनीं एकत्र बसून एका कागदावर घरांतील कामें लिहावीं. डबे कोणी भरावे, पाणी कोणी भरावें, अंथरुणें कोणी घडी करावीं, बुटांस पॉलिश कोणी करावें, हें नांवानिशीं ठरवावें. त्यांत वडिलांचें नांव असावें, आणि आईच्या नांवापुढें सर्वच कामें येऊं नयेत. दर आठवड्यास नांवें फिरवावीं व कागद स्वयंपाकघरांत डोळ्यांसमोर लावावा. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल, डबा सांडेल, अंथरूण वेडेंवांकडें घडी होईल. त्यांकडे दुर्लक्ष करावें. दिवाळीपर्यंत हा क्रम टिकला, तर सहामाहीच्या गुणपत्रिकेबरोबरच घरांतील मुलीच्या मुद्रेकडेहि एकदां नीट पाहावें.