चाळीस झोंबी आणि एक दादा

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या डायनिंग टेबलवर चाळीस झोंबी वाळत पडलेले असतात. आई पोह्यांच्या डिश घेऊन उभी. “कुठे ठेवू गं?” “त्या जाड्याला सरकव ना जरा, वाळलाय तो.” मेलेलं झुरळ उचलावं तसं आई त्या जाड्याला दोन बोटांत धरते आणि पुटपुटते, “एवढी घोडी झालीस, अजून बाहुल्या रंगवतेस.”

बाहुल्या नाही हो, मिनिएचर्स! जेमतेम सव्वा इंच उंचीची प्लॅस्टिकची माणसं. आणि हा छंद एकदा लागला की सुटता सुटत नाही, हे मी स्वानुभवावरून सांगतेय. कुणाला बुलेटचं वेड असतं, कुणाला ट्रेकिंगचं. आपल्याला झोंबींचं!

आधी थोडं बॅकग्राउंड. ‘झोंबीसाइड’ नावाचा एक बोर्डगेम आहे. 2012 मध्ये ‘किकस्टार्टर’वर त्यासाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले गेले. पाच हजारांहून जास्त जणांनी मिळून सुमारे 7 लाख 80 हजार डॉलर दिले. गेम अजून हातात नाही, नुसती चित्रं बघून! पहिल्या एडिशनच्या खोक्यात 71 मिनिएचर्स येतात. 40 वॉकर म्हणजे रखडत चालणारे, 16 रनर म्हणजे धावणारे, 8 जाडे, 1 अगडबंब राक्षस. आणि या सगळ्यांसमोर आपले हिरो किती? फक्त 6. त्यात रोलर स्केट्स घातलेली एक वेट्रेससुद्धा आहे!

यात खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतच नाहीत. सगळे एका बाजूला आणि गेम दुसऱ्या बाजूला. जिंकलो तर सगळे, मेलो तरी बहुतेक सगळेच. बंद दार उघडलं की आतून झोंबी निघतात. बंदूक चालवली की आवाज होतो. आणि झोंबींना समोर कुणी दिसत नसेल, तर जिथे आवाज जास्त तिथे ते निघतात. जितके जास्त झोंबी माराल तितके तुम्ही पॉवरफुल होता. पण तुम्ही पॉवरफुल झालात की नवे झोंबीही जास्त संख्येनं येतात. प्रमोशनसारखंच आहे बघा.

आता यात कार्टून कुठून आलं? सांगते. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा सिनेमा ऑक्टोबर 1968 मध्ये पिट्सबर्गला पहिल्यांदा दाखवला गेला. आज आपण ज्याला झोंबी म्हणतो, तो थव्यानं येणारा, माणसं खाणारा मुडदा, त्या सिनेमातून आला. गंमत म्हणजे आयत्या वेळी सिनेमाचं नाव बदललं, त्या गडबडीत कॉपीराइटची ओळ गाळली गेली आणि सिनेमा सगळ्यांसाठी फुकट झाला. त्यामुळे झोंबी कुणाच्याच मालकीचा नाही. कुणीही उचला, गेम बनवा, सिरियल बनवा.

आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी, 13 सप्टेंबर 1969 ला, अमेरिकन टीव्हीवर ‘स्कूबी-डू’ सुरू झालं. चार पोरं, एक भित्रा कुत्रा, एक रंगीत व्हॅन. भूत येतं, पळापळ होते आणि शेवटी भुताचा मास्क ओढला की खालून कुणीतरी लबाड माणूस निघतो. म्हणजे खऱ्या मुडद्यांचा सिनेमा आणि खोट्या भुतांचं कार्टून, वर्षभराच्या आतबाहेरची भावंडंच म्हणायची!

आमच्याकडेही भावंडं दोनच. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शाळेतून आलं की दप्तर फेकून कार्टून नेटवर्क. मी भुताला जाम टरकायचे. दादा म्हणायचा, “मास्क असतो गं. थांब, निघेल आत्ता.” आणि निघायचाच! मग एकदा ‘स्कूबी-डू ऑन झोंबी आयलंड’ लागला. 1998 चा सिनेमा. त्यात फ्रेड झोंबीचा मास्क ओढायला जातो आणि अख्खं मुंडकंच हातात येतं. या वेळी झोंबी खरे असतात. मी दादाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

झोंबीसाइडचं खोकं दादाचंच. नोकरीसाठी लीड्सला गेला तेव्हा तिथे सेकंडहँड घेतलं त्यानं. मार्च 2020 मध्ये पंधरा दिवसांच्या सुट्टीवर पुण्याला आला, सोबत खोकं घेऊन. आणि लॉकडाउन लागला! पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. बाहेर लक्ष्मी रोडवर चिटपाखरू नाही आणि आम्ही घरात झोंबी रंगवतोय. फॉरेनचे रंग मिळणं शक्यच नव्हतं. मग शाळेच्या पेटाऱ्यातून कॅमलचे ॲक्रिलिक बाहेर काढले. तीच आपली कॅम्लिन, दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेली. कंपासपेटीवरचं ते नाव कुठला मराठी पोरगा विसरेल? पाणी घालून पातळ केलं तर त्या रंगांनी झोंबी झक्कास रंगतात. मुडद्याला कुठे फेअरनेस लागतो!

फंडा असा. आधी मिनिएचर्स भांड्यांच्या साबणानं धुवायची, नाहीतर साच्याचा तेलकटपणा राहतो आणि रंग धरत नाही. वाकलेली बंदूक गरम पाण्यात बुडवून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची. कडेला साच्याची रेघ दिसते, ती कटरनं हलकेच खरवडायची. मग प्रायमर. पुण्याच्या पावसाळ्यात मात्र स्प्रे प्रायमरच्या नादी लागू नका. हवेतल्या दमटपणानं तो रव्यासारखा खरखरीत बसतो. माझे नऊ वॉकर असे उपमा झालेत. ब्रशनं लावायचा प्रायमर घ्या. रंग वाळू नयेत म्हणून डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. माझा पॅलेट म्हणजे आईचा जुना टिफिन आहे, हे तिला अजून माहीत नाही. (आता कळेल!)

खरी गंमत रंगसंगतीत आहे, आणि ती मला कार्टूननंच शिकवली. जुन्या कार्टूनमध्ये कुठलं दार उघडणार ते आधीच कळायचं, आठवतंय? बॅकग्राउंड एकदाच, निगुतीनं रंगवलेलं. हलणारी वस्तू मात्र वेगळ्या पारदर्शक शीटवर, सपाट रंगात. त्यामुळे हलणारं दार भिंतीपेक्षा वेगळं दिसायचं. दादा टीव्हीला बोट लावून सांगायचा, “हे उघडणार.” योगी बेअरच्या गळ्यात कॉलर का? तर धड तसंच ठेवून नुसतं डोकं हलवता यावं, म्हणून. पैसे कमी, वेळ कमी, त्यातून निघालेली ही अक्कल!

तीच अक्कल टेबलावर वापरायची. झोंबी सगळे राखाडी-हिरवट, मळके. एक रंग, वरून तपकिरी वॉश, म्हणजे पातळ शाईसारखा रंग, जो खाचाखोचांत उतरतो. झालं, वॉकर तय्यार. पण हिरो? सपाट, भडक रंग आणि कडेनं बारीक काळी रेघ. मग चाळीस मुडद्यांच्या गर्दीतही आपला माणूस पटकन दिसतो.

आणि आपली माणसं कोण, हे आपण ठरवायचं. छोटे छोटे शिल्पकार ओळखीच्या चेहऱ्यांची मिनिएचर्स बनवून विकतात. नाव वेगळं, पण बघताक्षणी कळतं. 2023 मध्ये माझ्या वाढदिवसाला दादानं लीड्सहून असाच सेट पाठवला. चार पोरं आणि एक कुत्रा. चष्मा आणि केशरी स्वेटरवाली वेल्मा मी, हिरव्या टीशर्टवाला लुकडा शॅगी दादा. लहानपणापासूनची वाटणी.

मी वेल्मा रंगवली. फ्रेड, डॅफ्नी झाले. कुत्राही झाला. हा कुत्रा काढणाऱ्या इवाओ ताकामोतोनं एका ग्रेट डेन पाळणाऱ्या बाईंकडून उत्तम कुत्र्याची लक्षणं समजून घेतली आणि मग बरोब्बर उलटं काढलं. ताठ पाठीऐवजी वाकलेली, सरळ पायांऐवजी फेंगडे! शॅगीही सगळा झाला होता. फक्त डोळे राहिले होते. तेवढ्यात आमचं वाजलं.

कारण आईचा गुडघा. ऑपरेशन करायचं की नाही, कुठे, कधी. दादानं लीड्सहून दोन डॉक्टरांशी परस्पर बोलून तारीखही ठरवून टाकली आणि मला फोनवर सांगितलं, “तू फक्त घेऊन जा तिला.” फक्त! गेली पाच वर्षं बाबांचं बीपी, आईचे एक्सरे, मेडिक्लेमचे फॉर्म, सगळं ‘फक्त’ मीच करतेय. “फ्रीलान्स आहेस ना, वेळ असतो तुला,” हे तो बोलला आणि मी फोन ठेवला. मीही त्याआधी बरंच बोलले होते, “पैसे पाठवले की मुलगा झाला का?” वगैरे. ते इथे लिहायला बरं नाही. त्यानंतर आठ महिने आमचं बोलणं म्हणजे फॅमिली ग्रुपवरचे वाढदिवसाचे केक. आईनं तारीख रद्द केली. “तुमचं भांडण मिटेपर्यंत गुडघा थांबेल,” म्हणाली. गुडघा काही थांबला नाही. जिना उतरताना ती आता दर पायरीवर दोन्ही पाय टेकवते.

आणि शॅगी कपाटात, डोळ्यांशिवाय.

डोळे हा या छंदातला सगळ्यात टरकवणारा भाग. टाचणीच्या डोक्याएवढी जागा. मी दर वेळी बिघडवते. एक डोळा आकाशात, दुसरा चपलेकडे. श्रावणात आमच्या गल्लीत पेणच्या मूर्तींचा स्टॉल लागतो. तिथले काका मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत बसतात. यंदा हिय्या करून शॅगीला घेऊन गेले त्यांच्याकडे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “हा कोण?” “माझा भाऊ,” तोंडातून निघून गेलं. काका हसले नाहीत. म्हणाले, “दोन्ही मनगटं एकमेकांना टेकव. आधी अवघड बाजूचा डोळा. सोपा मग त्याच्याकडे बघून काढता येतो. आणि बुबुळ वरच्या पापणीला चिकटव, मोकळं सोडलंस तर दचकल्यासारखा दिसेल.” “काका, तुम्हीच काढून द्या ना.” “भाऊ तुझा आहे ना?” म्हणाले आणि त्यांच्या कामाला लागले.

त्या रात्री मी काढले. आधी गडद तपकिरी, त्यात मळकट पांढरा, त्यात काळा ठिपका. डावा आधी. श्वास रोखून. एकदम परफेक्ट नाही. थोडा चकणा आहे. फोटो काढला आणि आठ महिन्यांनी दादाच्या पर्सनल नंबरवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. सात मिनिटांनी उत्तर आलं, “माझा डावा डोळा इतका वाईट आहे?” मग लगेच दुसरं, “रविवारी खेळायचं?”

खेळलो. फोन डाळीच्या दोन डब्यांमध्ये टेकवून उभा केलेला. दादाचे फासे आई टाकत होती. पाय स्टुलावर ठेवून. “हिरवा म्हणजे आपला ना? मग ह्याला वाचवायचं,” एवढंच तिला कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. अर्ध्या गेममध्ये माझी वेल्मा एका खोलीत अडकली, हातात फक्त फ्राइंग पॅन. बाहेर पाच वॉकर आणि दोन रनर. भिंती असल्यामुळे त्यांना आम्ही दोघंही दिसत नव्हतो, पण ते माझ्याच दिशेनं येणार होते. दादाच्या तीन ॲक्शन्स शिल्लक होत्या. त्याला सहज पळता आलं असतं. त्यानं तिन्ही वेळा एकच केलं, नुसता आवाज. गेममध्ये तशी ॲक्शन आहे. मुद्दाम आवाज करून झोंबींना स्वतःकडे ओढायचं. सगळेच्या सगळे वळले त्याच्याकडे.

माझ्या पार्टनरकडे पिस्तूल होतं, पण पहिल्या एडिशनचा नियम बेक्कार आहे. ज्या चौकोनात आपला माणूस उभा आहे तिथे गोळी झाडली, तर ती आधी आपल्याच माणसाला लागते. 2020 मध्ये मी दादाला असाच मारला होता, ते तो अजून ऐकवतो. लांबून नेम धरून उपयोग नाही, तिथे जाऊनच लढायला लागतं. म्हणून मी फ्राइंग पॅन घेऊन त्याच्या चौकोनात गेले. फ्राइंग पॅनला सहाचंच दान लागतं. आईनं जोरात फुंकर मारून फासा टाकला. दोन पडले.

हरलो. दोघंही मेलो. आई म्हणाली, “पुन्हा लावा.”

गेम आवरताना दादा म्हणाला, “ऐक, डॉक्टर तू ठरव. तारीखही. मी चार आठवडे रजा टाकतो, तू सांगशील तेव्हा.” मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही. म्हटलं, “आठ आठवडे. पहिले चार सगळ्यांनाच जमतात. फिजिओथेरपी त्यानंतरही असते.” तो गप्प झाला. मग म्हणाला, “सहा. आणि बाकीचे दोन घरून काम करेन, तिकडूनच.” मी म्हटलं, बघू.

परवा आम्ही तारीख घेतली. शॅगी सध्या टीव्हीच्या शेजारी उभा असतो, चकण्या डोळ्यानं आमच्याकडे बघत. आई फडकं मारताना त्याला उचलते, पण हल्ली दोन बोटांनी नाही.

तुमच्याही कपाटात कुणी अर्धवट रंगवलेलं पडलं असेल, तर या वीकेंडला काढा बाहेर. मनगटं टेकवा. आधी अवघड डोळा!