बालवाडीच्या ताईंपर्यंत संशोधन केव्हा पोहोचणार?

भाचीच्या साडेतीन वर्षांच्या मुलाची वही परवा पाहण्यात आली. १ ते ५० आकडे, दोनदा. त्याखाली इंग्रजी अक्षरांच्या ओळी. शेवटच्या ओळीत पेन्सिलीच्या जोराने कागद फाटला होता. ‘‘एवढी घाई कशाला?’’ असे विचारले, तर भाची म्हणाली, ‘‘मामा, आत्ता लिहिलं नाही तर पुढच्या वर्गात अडेल, असं शाळेत सांगतात. तुम्ही पत्रकार, खरं काय ते तुम्हीच सांगा.’’ माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला ते कोठून ठाऊक असणार? तेव्हापासून या विषयावरचे संशोधन जमेल तसे वाचतो आहे.

पहिले आश्चर्य घरातच भेटले. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ साली ताराबाईंनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. मॉन्टेसरीची महाग साधने परवडत नव्हती, म्हणून शिंपले आणि बिया आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आधी निरीक्षण, मग प्रयोग, फसला तर बदल. संशोधन याहून वेगळे काय असते?

परदेशातील अभ्यासांनी मला अधिक विचारात पाडले. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ पासून गरीब घरांतील १२३ मुलांचा अभ्यास झाला. काहींना उत्तम बालशाळा मिळाली, काहींना नाही. पुढे वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालशाळेत गेलेले शिक्षणात, नोकरीत पुढे निघाले, त्यांना अटकेचे प्रसंगही कमी आले. एवढे वाचून ‘घाला लवकर शाळेत’ म्हणणाऱ्यांनी दुसरा अभ्यासही वाचावा. टेनेसी राज्यात अर्ज अधिक आणि जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले. त्यामुळे प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची न्याय्य तुलना शक्य झाली. २,९९० मुले. बालशाळेत गेलेली मुले आरंभी पुढे होती. सहावीत मात्र ती चाचण्यांत मागे पडली आणि शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच अधिक, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कारणांवर वाद आहे. पण ‘बालशाळा’ या पाटीमागे रोज काय चालते, हा प्रश्न त्यातून टळत नाही.

आपल्याकडेही आसाम, राजस्थान आणि आंध्र-तेलंगण येथील सुमारे १४,००० मुलांचा, वयाच्या चौथ्या वर्षापासून आठव्यापर्यंत, अभ्यास झाला. अहवाल २०१७ साली आला. खासगी बालशाळा म्हणजे पहिलीचाच वर्ग खाली ओढलेला, आणि अंगणवाडीत खेळातून शिकणे फारसे नाही, असे त्याचे सांगणे. भाचीच्या मुलाची वही मला त्या अहवालाचेच पान वाटली.

कोल्हापूरला हे परके वाटू नये. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेणाऱ्या शाहू महाराजांचे हे गाव. याच गावात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी ‘सृजन आनंद’ ही प्राथमिक शाळा काढली, वर्गातले अनुभव लिहून ठेवले आणि त्यांची पुस्तके केली. त्यांची वैचारिक वाट आणि या पानांची वाट एक नव्हती. म्हणून त्यांच्याकडून शिकू नये, असे थोडेच आहे?

आणि आता आपल्याविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, शक्य तेथे मातृभाषा आणि खेळ यांवर भर दिला. २०२२ च्या आराखड्यात पंचकोशांचा उल्लेख आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटले. वाटावेही. पण आपल्या शिशुवाटिकांत मूल मातीत हात घालते की रांगेत बसून श्लोक घोकते, हे कोणी पाहिले आहे? पाठांतराला माझा विरोध नाही. सबंध सकाळ त्यातच जाऊ नये, इतकेच. दोष ताईंचा म्हणवत नाही. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ताईंच्या हाती इंग्रजी अहवाल देऊन काय होणार? वीस-पंचवीस पानांची मराठी पुस्तिका, महिन्यातून एक शनिवार एकत्र वाचन, आणि एकमेकींच्या वर्गात तासभर मुकाट्याने बसून पाहणे, एवढे आपल्या शाखा-समित्यांना जड नाही. शिवाजी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातील अध्यापकांनाही बोलावता येईल.

भाचीने गेल्या आठवड्यात शाळेत जाऊन एवढेच विचारले, की हे लिखाण या वयात हवे, असे कोणत्या अभ्यासात आले आहे? ‘‘मॅडमना विचारून सांगतो,’’ असे उत्तर मिळाले. ती वाट पाहते आहे. मुलाने तोवर वहीच्या फाटलेल्या पानाची होडी केली आहे.