खिशातला परीक्षक

मुलांनो, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ नावाची छोटी स्पोर्ट्स कार तयार होत असे. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. आजही हौशी लोक त्या जुन्या गाड्या शोधून विकत घेतात.

घेताना आधी काय पाहायचं? रंग? छे! गंज! या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. दारांखालचे पोकळ भाग आतून गंजले, की गाडीची ताकदच गेली. काही लबाड विक्रेते भोकांत पुट्टी भरून वर चकचकीत रंग देतात.

मग जाणकार खिशातून काढतात चुंबक! मऊ फडक्यात गुंडाळून तो पत्र्यावर फिरवायचा. लोखंडी पत्र्याला चिकटतो, जाड पुट्टीवर नाही.

पण गंमत ऐका. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं. तिथे चुंबक चिकटणारच नाही, आणि तो दोष नव्हे बरं का! म्हणजे परीक्षा घेणाऱ्यानंही आधी अभ्यास करायला हवा.

आई-बाबा पत्र्याची जुनी स्कूटर बघायला निघाले, तर चुंबक घेऊन तुम्हीही जा. पैसे मोजण्याआधी!