दिवस अपुरे, दोष मात्र पुरा

सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आपल्याकडे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. डॉक्टर नेमकं उलट सांगतात. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला बळ देतो. ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाख एकट्या भारतात. ती लवकर का येतात, हे बऱ्याचदा डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. घरच्यांना मात्र लगेच कळतं! "पपई खाल्ली असेल." "ऐकते कुठे कुणाचं?" बचत गटाच्या कामानिमित्त फिरताना हे इतक्यांदा कानावर येतं, की त्या ओल्या बाळंतिणीची तब्येत विचारायचं राहूनच जातं.

म्हणून मला गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात २०१५ मध्ये सुरू झालेलं 'गर्भिणी' हे संशोधन मोलाचं वाटतं. हजारो गरोदर बायकांची सुरुवातीच्या महिन्यांतच नोंद करून बाळंतपणापर्यंत त्यांचं रक्त, सोनोग्राफी, आहार, घरातला धूर असं सगळं टिपलं जातं. २०१७ साली परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ४३ हजारांवर बायकांची जनुकं तपासून, लवकर बाळंतपणाशी संबंध असलेली काही जनुकं शोधली. पण त्या साऱ्या युरोपीय वंशाच्या. आपल्या रक्ताचा, आपल्या चुलीचा हिशोब आपल्यालाच मांडायला हवा ना?

एक धास्ती मात्र आहे. ही जनुकं मुख्यतः आईकडून येतात, एवढं अर्धवट ऐकलं की "हिच्या माहेरचीच खोट" म्हणायला लोक मोकळे! आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांश मानतात. उरलेल्याचं काय?

मशेरीचंच बघा. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी, तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी येण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आता मशेरीचा डबा घरात कोण ठेवतं? "पोट साफ होतं गं, लाव थोडी," असं म्हणणाऱ्या आपणच. चुलीचंही तेच. शेगडी कोपऱ्यात चकचकीत उभी, सिलिंडर महाग म्हणून स्वयंपाक लाकडावर. सिलिंडर कधी भरायचा, हे सून ठरवत नाही. दोन बाळंतपणांत किती अंतर ठेवायचं, तेही नाही. अठरा पूर्ण व्हायच्या आत बोहल्यावर चढायचं, हेही तिने ठरवलेलं नसतं. मग जाब तिलाच का?

मैत्रिणींनो, एक साधं काम करा. घरात नवी सून असेल तर तिच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिला खूण करून ठेवू द्या. लाजू नका. तारीखच ठाऊक नसेल तर बाळ लवकर आलं की नुसतं अशक्त आहे, हेच धड कळत नाही. पाळी चुकली की आशाताईंना सांगून बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, पहिली सोनोग्राफी लवकर करा. आणि तपासणीला सासूबाईंनीही सोबत जावं. धुराचं, मशेरीचं, विश्रांतीचं डॉक्टर काय विचारतात, ते त्यांच्याही कानावर पडू दे.